खाली आधी शिकव

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे मशीन लर्निंग आणि मैफल. मैफल म्हणजे खरी, माणसांनी समोर बसून केलेली. हल्ली एआय आणि संगीत म्हटलं की पाच मिनिटांत गप्पा त्या टाइप केलं की गाणं तयार होतं त्या अ‍ॅपवर येतात, आणि त्यावर सगळ्यांचं बोलून झालंय, तर आज ते बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल, ज्यात मशीन गाणं बनवत नाही, ते ऐकतं, ओळखतं, नाहीतर वादकाच्या हाताखाली वाद्य म्हणून राहतं. आणि एक प्रश्न मी आज परत परत विचारणार आहे, तेवढा कानात राहू द्या. मशीनला उदाहरणं कोण देतंय?

मशीन लर्निंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नेहमीच्या प्रोग्राममध्ये नियम माणूस लिहून देतो, असं झालं तर तसं कर. इथे नियम लिहायचे नाहीत, उदाहरणं द्यायची, हे असं दिसलं तर उत्तर हे, ते तसं दिसलं तर उत्तर ते, आणि मधला संबंध मशीनने स्वतः आकड्यांमधून शोधायचा. बस्स, एवढंच. म्हणून मी म्हणतो, उदाहरणं कोण देतंय ते बघा.

आता तुम्ही पुण्याचे श्रोते, सवाईला जाणारे, तुम्हाला भूप आणि देशकार काही सांगायला नको. तेच पाच सूर, सा रे ग प ध, पण भूपात गंधाराला मान आणि देशकारात धैवताला, एक रात्रीचा, एक सकाळचा. नुसते सूर मोजणारं मशीन इथे अडकतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने नेमकं अशाच जोड्यांवर काम केलंय, भूप-देशकार, पूरिया-मारवा, तोडी-मुलतानी, कुठल्या सुरावर गायक किती रेंगाळला ते मोजून हे राग वेगळे काढता येतात का, असं. आणि या कामात सगळ्यात आधी काय करावं लागतं माहितीये? सा, म्हणजे गायकाचा आधारस्वर, शोधावा लागतो. आपला सा गायकागणिक बदलतो, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, आणि मागे तानपुरा, तबला, पेटी सगळं मिसळलेलं, त्यातून गळ्याचा सूर वेगळा काढायचा. पियानोवर तयार झालेली साधनं उचलून इकडे आणली तर चालत नाहीत. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ मध्ये कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला तो याचसाठी, त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताबरोबर तुर्की मकाम, बीजिंग ऑपेरा, अरब-अंदालुसी संगीत असं सगळं घेतलं होतं.

आणि जाता जाता सांगतो, हे मोजायचं वेड आपल्याकडे नवीन नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजल्या आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. एकशे दहाच्या वर वर्षं झाली! विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा शिकवताना आपल्या शाळांमध्ये देवलांचं नाव का घेत नाहीत हे मला आजतागायत कळलेलं नाही. खाँसाहेबांसारखा गळा आणि देवलांसारखा चिकाटीचा माणूस एकत्र बसले, उदाहरणं देणारा कोण होता बघा, साक्षात खाँसाहेब.

असो. अजून एक नाव सांगतो आणि मग गोष्टीवर येतो. रिबेका फीब्रिंक. २००९ च्या सुमाराला अमेरिकेत प्रिन्स्टनला असताना या बाईंनी वेकिनेटर नावाचं सॉफ्टवेअर केलं, फुकट मिळतं, अजूनही. न्यूझीलंडच्या वाइकाटो विद्यापीठाचं वेका नावाचं मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यावर बेतलेलं. त्यात तुम्ही कॅमेऱ्यासमोर हात हलवायचा किंवा सेन्सर बांधायचा आणि सांगायचं, हात असा असताना हा आवाज, तसा असताना तो. चार-पाच उदाहरणं दिली की लगेच वाजवून बघायचं, चुकलं की अजून एक उदाहरण द्यायचं, परत बघायचं. लाखो उदाहरणं नकोत, मोठा कॉम्प्युटर नको, आणि मुख्य म्हणजे कोड लिहिता न येणाऱ्या वादकाने स्वतः शिकवायचं. वादकाने स्वतः.

आता ती गोष्ट, जी सांगायला खरं तर मी आलोय.

सदाशिव पेठेत आमचे तबल्याचे एक गुरुजी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मी लहानपणी त्यांच्याकडे जायचो, दोन खोल्या, भिंतीला लागून डग्ग्यांची रांग, आणि शिष्य चुकला तर गुरुजी रागवायचे नाहीत, हातोडी घेऊन स्वतःचा तबला परत लावायला बसायचे, त्यावरून आपण समजायचं. तबला लावण्यावरून एक बोलतोच, हल्ली कार्यक्रमात तबलजीला लावायला दोन मिनिटं लागली की लोक मोबाईल काढतात, हे मला बिलकूल पटत नाही. ते ऐकायचं असतं हो, चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, सूर तानपुऱ्यात विरघळतो ना, तिथे मैफल सुरू झालेली असते.

तर गुरुजींना मधे पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. फिजिओथेरपीने पाय आला, काठीशिवाय चालतात, पण डाव्या हाताची बोटं काही आली नाहीत. खांद्यातून हात उचलतो, कोपरातून थोडा फिरतो, पंजा नाही. आता तबलजीचा डावा हात म्हणजे डग्गा, आणि डग्गा गेला म्हणजे धा गेला, धिं गेला, राहिलं काय तर ना आणि तिं. डग्ग्याचा तो घुमणारा आवाज, घुमाराच गेला. शिष्यांना शिकवताना ते उजव्या हाताने तबला वाजवायचे आणि डग्ग्याचे बोल तोंडाने म्हणायचे, ते बघवत नव्हतं.

त्यांची नात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, प्रोजेक्टला विषय शोधत होती आणि विषय घरातच होता. तिने एक जुना मोबाईल क्रेप बँडेजने आजोबांच्या मनगटाच्या वर बांधला. हात कुठल्या दिशेला किती जोरात हलला ते मोजणारा सेन्सर मोबाईलमध्ये असतोच, ते आकडे वायफायवरून लॅपटॉपला, लॅपटॉपवर वेकिनेटर, आणि त्याचं उत्तर येईल तसा स्पीकरमधून डग्ग्याचा आवाज. आवाज गुरुजींच्याच डग्ग्याचा, एका थोरल्या शिष्याकडून वाजवून रेकॉर्ड केलेला.

पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. कधी मधेच घे, म्हणजे डग्ग्याचा बोल, कधी दोनदा, कधी काही नाहीच. कारण काय, तर उदाहरणं तिने दिली होती, कॉलेजात बसून, स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या हातांची, शेकड्यांनी. तिच्या हातावर झकास चालायचं. पण धडधाकट हात झटका देतो, आणि गुरुजींचा हात ओढला जातो, आधी खांदा येतो आणि मग मागून हात. मशीनने असा हात बघितलाच नव्हता कधी.

तिने सगळं पुसून टाकलं आणि म्हणाली, आजोबा, आता तुम्हीच शिकवा त्याला. गुरुजी डोळे मिटून बसले, खांदा जरासा उचलला, म्हणाले, हा घे. परत उचलला, हा पण घे, पण दाबून. कोपर आत घेतलं, इथे घुमारा चढला पाहिजे. प्रत्येकाची दहा-बारा उदाहरणं झाली, वीस मिनिटं पण लागली नसतील. आणि मग उजवा हात तबल्यावर ठेवून त्यांनी सोळा मात्रांचा तीनताल सुरू केला, मध्य लय. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मंडळी, त्या खोलीत तो घुमारा परत वाजला तेव्हा आम्ही सगळे गप्प, आतून काकू ओट्यावरचं काम सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

नववी मात्रा आली, धा, आणि पुढे तिं तिं ता, जिथे डग्गा बंद पाहिजे, तालातल्या त्या भागाला खाली म्हणतात, तिथे मशीनने डग्गा दिला. तिंचं धिं झालं. पुढच्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीला, परत तेच, त्याच्या पुढच्याला परत तेच, खाली सगळी भरून टाकली. नात लॅपटॉपवर वाकली, म्हणाली सेन्सिटिव्हिटी कमी करते. गुरुजी म्हणाले, थांब. दोष त्याचा नाही. माझा हात खालीतसुद्धा हलतो, जन्मभर हललाय, वाजवत नसला तरी ताल धरून असतो. तू त्याला वाजवायचं शिकवलंस गं, न वाजवायचं कुठे शिकवलंस? खाली आधी शिकव.

खाली आधी शिकव! मी परत सांगतो कारण मला हे वाक्य फार मोठं वाटतं. मशीन लर्निंगच्या पुस्तकात हे आहे, निगेटिव्ह उदाहरणं द्या म्हणून, तिने परीक्षेत लिहिलं पण असेल, पण तिथे त्या क्षणी नेमकं कुठलं उदाहरण कमी आहे हे कुणाला कळलं? ज्याने पन्नास वर्षं तीनताल वाजवला त्याला. मग त्यांनी खालीतला हात शिकवला, नुसता ताल धरणारा हात शिकवला, चहाचा कप सरकवणारा, चष्मा वर करणारा, शिष्याला थांब म्हणणारा, आणि या सगळ्याचं उत्तर एकच, काही वाजवायचं नाही. घे-च्या उदाहरणांपेक्षा गप्प राहायची उदाहरणं जास्त झाली. आणि त्यानंतर खाली खाली राहिली.

अजून एक भानगड होती, आवाज किंचित मागे पडायचा. तुम्हा-आम्हाला कळलाही नसता, गुरुजी दुसऱ्याच आवर्तनात म्हणाले, हा माझ्या मागून चालतोय. मग वायफाय काढून वायर लावली, आणि उदाहरणं हात खाली येतानाची न देता खांदा उचलतानाची दिली, म्हणजे मशीनला थोडं आधी कळतं. द्रुत लय अजून जमत नाही, तिरकिटमधला डाव्या हाताचा क नीट येत नाही, हे पण सांगायला हवं. पण मध्य लयीत गुरुजी शिष्यांना परत अख्खा ठेका वाजवून दाखवतात, कायदे, म्हणजे बोलांच्या बांधलेल्या रचना, सांगतात, खुल्या डग्ग्याचे आणि बंद डग्ग्याचे.

वेळ बराच गेला, पण बाकीच्या क्षेत्रांबद्दल बोललंच पाहिजे, कारण आवाज ओळखायची जी युक्ती संगीतात चालते तीच भलतीकडे चालते. आवाजाचं चित्र काढायचं, आडवी वेळ, उभी पट्टी, रंग जितका गडद तितका जोर, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, आणि मग चित्र ओळखायला शिकवायचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन अ‍ॅप पक्ष्यांचे आवाज असंच ओळखतं, वेताळ टेकडीवर पहाटे फोन हातात धरून उभी असलेली मंडळी तुम्ही बघितली असतील. त्याची उदाहरणं पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून दिलेली. खोकल्याच्या आवाजावरून टीबीचा संशय घेता येतो का, यावर आपल्या देशातही काम चालू आहे.

अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणारे लायगो प्रकल्पाचे डिटेक्टर आहेत, त्यांच्यात सतत खोटे खरखरीचे सिग्नल येतात, त्यांना ग्लिच म्हणतात. ते ओळखायला २०१६ मध्ये ग्रॅव्हिटी स्पाय नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात ग्लिचची चित्रं सामान्य लोकांना दाखवतात, लोक ओळखतात, आणि मशीन त्यावरून शिकतं. इथे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, अशा दुर्बिणींवर पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने सिग्नल देणारे तारे, शोधताना आलेल्या ढीगभर सिग्नलमधून माणसांच्या यंत्रांची लुडबुड कुठली आणि ताऱ्याची टिकटिक कुठली हे वेगळं करायचं कामही आता मशीनकडे असतं. हे काय नाही, ते शिकवणं, परत तेच, खालीच आली ना ही. आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ज्या अल्फाफोल्डला धरून मिळाला, प्रोटीनची घडी ओळखणारं, ते ज्या सुमारे १,७०,००० रचनांवरून शिकलं त्या शास्त्रज्ञांनी १९७१ पासून एकेक करून एका सार्वजनिक साठ्यात जमवलेल्या होत्या. नोबेलच्या बातमीत त्या लोकांची नावं कुणी वाचली का? वाचायला हवी होती. उदाहरणं त्यांनी दिली.

तर आता तुम्हाला एक काम सांगतो. पुण्यात घराघरांतल्या माळ्यांवर कॅसेटी आहेत, स्पूल आहेत, घरगुती बैठकींच्या, गुरूंनी तालीम देतानाच्या. त्या मोबाईलवर घ्या, आणि घेताना नुसती फाईल ठेवू नका, बरोबर लिहा, कोण गातंय, साथीला कोण, राग कुठला, ताल कुठला, सा कुठल्या पट्टीत, साधारण साल कुठलं. गाणं सुरू व्हायच्या आधीचं तानपुरा-तबला लावणं कापू नका, आणि गुरू मधेच थांबून शिष्याला असं नाही, असं, म्हणतात ते तर अजिबात कापू नका. घरात जाणतं माणूस असेल तर शेजारी बसवून विचारून लिहा, आणि या महिन्यातच करा, कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते.

येतो. नमस्कार.