आधी बिलाच्या ओळी, मग तासांची नोंद

(पुण्यातील वास्तुविशारद आणि सल्लागार कार्यालयांच्या चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या कार्यालयात तासांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आहे. कोणी टॉगल वापरतात, कोणी हार्वेस्ट, कोणी क्लॉकिफाय. मुले रोज नोंदी करतात, आणि तरीही महिनाअखेरीला बिल करायला बसले की दोन दिवस मोडतात. मी एरंडवण्यातल्या एका वास्तुविशारद कार्यालयाचे व्यवस्थापन आणि हिशेब बरीच वर्षे पाहते आहे. या दोन दिवसांचे कारण नोंदी करणाऱ्यांच्या आळसात क्वचितच असते, ते पहिल्या दिवशी प्रोजेक्टची मांडणी कशी केली यात असते, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे काम अधिक आहे, म्हणून उदाहरणही तिथलेच देते. पहिल्या अशा कामासाठी मी सोसायटीच्या नावाने एकच प्रोजेक्ट उघडला आणि त्याखाली तीन टास्क ठेवले: ड्रॉइंग, मीटिंग, साइट. नेमणूकपत्रात मात्र वेगळेच ठरले होते. व्यवहार्यता अहवालाला ठरावीक रक्कम होती, मंजुरीच्या नकाशांना ठरावीक रक्कम होती, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त झालेल्या सभांना तासाचा दर होता. चार महिन्यांनी बिल पाठवले, तेव्हा सोसायटीच्या खजिनदारांनी, जे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "मॅडम, ही कोणती मीटिंग?" त्या ओळीत एवढेच होते: मीटिंग, ३ तास. आम्ही तिघांनी आपापल्या डायऱ्या उघडल्या, पण ती सभा ठरलेल्या सभांपैकी होती की जादा, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी ती ओळ आम्ही बिलातून काढली. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

तेव्हापासून मी उलट दिशेने काम करते. नेमणूकपत्रावर सही झाली की सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर शेवटचे बिल लिहून काढते. त्यात कोणत्या ओळी असतील, कोणती ओळ ठरावीक रकमेची, कोणती तासांवर, कोणता खर्च वेगळा दाखवायचा, हे सगळे त्या कागदावर येते. त्यातली प्रत्येक ओळ सॉफ्टवेअरमध्ये एक प्रोजेक्ट किंवा एक टास्क होते. साधा नियम असा ठेवला आहे की ज्या दोन कामांच्या आकारणीची रीत वेगळी, ती कामे एका प्रोजेक्टमध्ये ठेवायची नाहीत, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक रक्कम की तासाचा दर, हे प्रोजेक्टच्या पातळीवरच ठरते. पुनर्विकासात टप्पे आयते मिळतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने विशेष सर्वसाधारण सभा, सल्लागाराची नेमणूक, अहवाल, निविदा आणि विकासकाची निवड असा क्रम घालून दिला आहे. तोच क्रम आणि तेच शब्द सॉफ्टवेअरमध्ये आले, तर सोसायटीच्या कार्यकारिणीला बिल समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक प्रोजेक्ट मी त्याच दिवशी उघडते आणि तो रिकामा ठेवते. त्याचे नाव "जादा काम". सभासदांनी तिसऱ्यांदा पार्किंग बदलायला सांगितले, तर तो वेळ मूळ नकाशांच्या तासांत मिसळू द्यायचा नाही. ज्या दिवशी या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिली नोंद पडते, त्याच दिवशी सोसायटीला पत्र जाते. जादा कामाचे पैसे मागताना आपल्याला संकोच वाटतो, आणि हा संकोच चार महिने साठला की पैसे मागणे अशक्यच होते. पत्र वेळेवर गेले तर मागणी सहज मान्य होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ठरावीक रकमेच्या कामालाही तासांची मर्यादा घाला. मंजुरीच्या नकाशांसाठी आपण मनात १२० तास धरले असतील, तर ते सॉफ्टवेअरला सांगा आणि ८० टक्क्यांवर, म्हणजे ९६ तासांवर, सूचना येईल असे करा. उरलेल्या २४ तासांत काय बसते याचा विचार तेव्हाच करता येतो.

दराविषयी थोडेसेच. दर माणसाला लावायचा की कामाला, हे करारावरून ठरवा. एप्रिलमध्ये दर वाढवताना मात्र थांबून वाचा, कारण काही सॉफ्टवेअर नवा दर जुन्या नोंदींनाही लावायचा का असे विचारतात. तिथे घाईत "होय" दाबले, तर मार्चचे बिल न झालेले तास नव्या दराने मोजले जातात.

दशांशाचा घोळ तर माझ्या समोर घडला आहे. १ तास ४५ मिनिटे म्हणजे १.७५ तास, परंतु आमच्या एका नव्या मुलीने महिनाभर १.४५ असे लिहिले. तासाला १,५०० रुपये दर असेल, तर २,६२५ च्या जागी २,१७५ रुपये लागतात, आणि एकेका नोंदीत ४५० रुपये निसटतात. म्हणून नोंद तास-मिनिटांतच घ्या, दशांश सॉफ्टवेअरला करू द्या. वर्णनाच्या रकान्यात "मीटिंग" एवढाच शब्द आमच्याकडे चालत नाही. "पार्किंगच्या हरकती, तळमजल्याचा सुधारित नकाशा" असे लिहावे लागते. ते लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि खजिनदारांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच असते.

जीएसटीची मांडणीही प्रोजेक्टबरोबरच करावी. आपल्या सेवेवर १८ टक्के कर आहे. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर तो केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ असा विभागला जातो, बाहेरचा असेल तर साधारणतः एकत्रित लागतो, मात्र स्थावर मालमत्तेशी थेट निगडित सेवेला मालमत्ता कुठे आहे ते पाहावे लागते. आगाऊ रक्कम घेतली की सेवेच्या बाबतीत कराची जबाबदारी रक्कम मिळताच येते, म्हणून आगाऊ रकमेची स्वतंत्र नोंद ठेवून पुढच्या बिलात ती वळती करा. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे. प्रोजेक्टचा संकेत त्यात गुंफण्याचा मोह होतो, तेव्हा अक्षरे मोजून पाहा. महापालिकेत ग्राहकाच्या वतीने भरलेले शुल्क आपल्या फीमध्ये मिसळू नका. ग्राहकाची संमती घेऊन, चलन ग्राहकाच्या नावाचे ठेवून, तेवढीच रक्कम वेगळ्या ओळीत दाखवली, तर कायद्याच्या अटी पाळून ती करपात्र मूल्यातून वगळता येते.

बिल गेले की त्यातल्या नोंदींना कुलूप लावा. नंतर कोणी चांगल्या हेतूने नोंद दुरुस्त केली, तरी बिल आणि नोंदवही यांत फरक पडतो, आणि तो वर्षअखेरीला सनदी लेखापालांपुढे उघडा पडतो. काम संपल्यावर प्रोजेक्ट पुसू नका, संग्रहात ठेवा. मी असा प्रत्येक प्रोजेक्ट बंद करताना धरलेले तास आणि लागलेले तास एका पानावर शेजारी शेजारी छापते. खजिनदारांच्या त्या सोसायटीच्या पानावर नकाशांचे तास जवळपास बरोबर निघाले, आणि सभासदांच्या सभांचे तास धरलेल्याच्या दुपटीहून अधिक. पुढच्या सोसायटीच्या नेमणूकपत्रात सभांना स्वतःची ओळ मिळाली, आणि सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट.