पडद्यावरचा पाठ आणि प्लीहेवरचा हात

ठाण्याच्या या सभागृहात आज वैद्यकीय महाविद्यालयांतले अध्यापक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसले आहेत, म्हणून ऑनलाइन शिक्षणाविषयी दोघांच्याही मनात काय आहे ते एकाच वेळी बोलावे असे मला वाटते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एमबीबीएसच्या नव्या क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्ये येण्यावर भर देणाऱ्या, अभ्यासक्रमाची पहिली तुकडी, म्हणजे २०१९ ची मुले, शवविच्छेदन अर्धवट टाकून घरी गेली. २०२१ मध्ये त्यांतला एक अतिशय हुशार मुलगा माझ्यासोबत राउंडला, म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांच्या फेरीला आला. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांआडचा स्प्लीन हा अवयव, दुप्पट-तिप्पट वाढल्याशिवाय सहसा हाताला लागत नाही, ती उजव्या कुशीच्या दिशेने तिरकी वाढते, हे त्याने न अडखळता सांगितले. तपासण्याची रीतही त्याने व्हिडिओवर तीनदा पाहिली होती. प्रत्यक्षात मात्र शहापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या पोटावर त्याने हात ठेवला तो थेट डाव्या बरगड्यांखाली आणि दोनदा चाचपून तो म्हणाला, "सर, स्प्लीन पाल्पेबल नाही," म्हणजे हाताला लागत नाही. त्या रुग्णाला रक्ताचा जुनाट कर्करोग होता व प्लीहेची कड बेंबीच्याही खाली उतरली होती. मुलाचा हात प्लीहेवरच होता, मग कड सापडणार कुठून? शेवटी रुग्णच म्हणाला, "डाक्टर, गाठ खाली संपते, तिथं बघा." मी मुलाचा हात उचलून उजव्या कुशीत ठेवला आणि रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. श्वासाबरोबर ती कड खाली सरकून बोटांना टेकली, तेव्हा तो मुलगा हात काढीना.

पडद्यावरच्या शिकवण्याविषयीचा अध्यापकांचा राग मला या प्रसंगातून कळतो. दीडशे काळ्या चौकटींसमोर बोलताना कोणाच्या कपाळाला आठी पडली हे दिसत नाही. शिवाय ध्वनिमुद्रण चालू आहे या जाणिवेने अनुभवी माणूसही वाचून दाखवू लागतो. पण विद्यार्थ्यांना वाटणारी ऑनलाइन तासांची आवडही तितकीच खरी आहे. मराठी माध्यमातून आलेली माझी एक विद्यार्थिनी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ऑनलाइन तासाला चॅटमध्ये तिने मराठीत प्रश्न लिहिला आणि तो त्या सत्रातला सर्वांत नेमका प्रश्न होता. न समजलेला भाग थांबवून पुन्हा ऐकता येतो, याचे मोल तिच्यासारख्या मुलांना विचारावे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी आलो ते आता भराभर सांगतो. २०१९ च्या नियमांनी निव्वळ व्याख्यानांना वेळापत्रकाच्या एक तृतीयांशाची मर्यादा घातली. यातील शक्य तेवढी व्याख्याने ध्वनिमुद्रित करून आदल्या रात्री घरी ऐकू द्यावीत आणि वर्गातला तास प्रश्नांना द्यावा. ध्वनिमुद्रणाला लागणारे अध्यापकाचे तास त्याच्या कामाच्या हिशोबात धरावेत, कारण ते न धरल्यानेच निम्मा विरोध उभा राहतो. चॅट वर्गातही चालू ठेवावा, मराठी प्रश्नांसह. कौशल्य आल्याची सही मात्र लॉगबुकात, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत, रुग्णाच्या खाटेशीच व्हावी, विद्यार्थ्याचा हात स्वतः पाहून. पुढच्या पोस्टिंगला, म्हणजे विद्यार्थी वॉर्डात शिकायला येतील तेव्हा, रुग्णाची परवानगी घेऊन, तळवे चोळून ऊब आणून, पहिला अर्धा तास फक्त हातांसाठी ठेवा, एवढी माझी इथल्या अध्यापकांना विनंती आहे.