घाटात दम न धरणारी पिकअप

[दृश्य : मांजरसुंब्याचा घाट, सकाळची वेळ. मोसंबीचे कॅरेट भरलेली जुनी पिकअप वळणावर चढते आहे.]

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, पाली मागे पडली, की मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटाच्या डोंगरातला हा चढ काही फार अवघड नव्हे. पण मागे सव्वा टन मोसंबी आणि पुढे पंधरा वर्षांपुढचं डिझेल इंजिन असलं, की गाडीची खरी तब्येत इथेच कळते. सपाटीला साठच्या वेगाने गुमान आलेली ही एमएच-२३ ची गाडी घाटात तिसऱ्या गिअरला गदगदते. दुसऱ्यावर टाकली तरी रडतखडत चढते. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकलाय, इंजिन मात्र वर जायला तयार नाही.

[दृश्य : बीड बायपासलगतचं गॅरेज. बॉनेट उघडं.]

"मिस्त्री, चढाला गाडी दम धरंना. उभ्या जागीबी सगळी केबिन हालायली."
"धूर कसला सोडायली?"
"सकाळी थोडा पांढरा. मग काहीच नाही."
"टाकी भरलेली असताना असंच करती का?"
"फुल असली की बरी चालती. अर्ध्याखाली आली की जास्त करायली."

हे शेवटचं वाक्य मिस्त्रीने नीट ऐकलं. निम्मं निदान त्यातच होतं.

अशा गाडीचा डिझेल पंप आधी उतरवायचा आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घ्यायला, पाठवायचा, ही बऱ्याच गॅरेजांची रीत. दोन-तीन दिवस गाडी उभी, भाड्याचं नुकसान, आणि पंप बसवून आणल्यावर घाटात पुन्हा तेच. पंप दोषी असतो, नाही असं नाही. पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी थरथर नक्की कुठली ते ठरवायचं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीत थरथर आली, तर ती इंजिनची किंवा इंजिन ज्या रबरांवर बसतं त्या फाउंडेशनची. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगात क्षणभर न्यूट्रल केलं आणि तरीही गाडी हलतच राहिली, तर इंजिनला हात लावू नका. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग, नाहीतर चाकं बघा. आणि फक्त क्लच सोडताना, पहिल्या दोन फुटांत धडधड होत असेल, तर क्लच प्लेटवर ऑईल आलंय का ते पाहायचं. या गाडीची थरथर उभ्या जागी, आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना येते. फाउंडेशनचं रबर बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तडा नाही.

मग बिनखर्चाच्या दोन गोष्टी. एकाने केबिनमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर बघायचा. तो शेवटच्या स्क्रूला टेकला पाहिजे. जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते, नाहीतर पायाखालची मॅट पेडल अडवते. अर्धा लिव्हर फिरला तर अर्धीच ताकद मिळणार, त्यात इंजिनचा काय दोष? दुसरं म्हणजे चाकं. दोन-चार किलोमीटर चालवून हात जवळ नेऊन बघायचं, एखादा हब इतरांपेक्षा जास्त तापलाय का. धरून राहिलेला ब्रेक घाटात इंजिनचं सोंग घेतो. इथे दोन्ही ठीक निघालं.

[दृश्य : सायलेन्सरचं तोंड, जवळून. रेस दिल्यावर जेमतेम दिसणारा धूर.]

आता धूर. काळा धूर म्हणजे डिझेल आलं, पण हवा पुरली नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, किंवा टर्बोचा होस फाटलेला, क्लिप ढिली. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पाहता पाहता भरतो. थंड इंजिनचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही हटत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंगचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या हेडखालच्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा.

या गाडीत पाय पूर्ण दाबूनही काळा धूर नाही. ताकदही नाही, धूरही नाही. याचा अर्थ, इंजिनला डिझेल पुरेसं पोचतच नाही.

म्हणून शोध टाकीपासून सुरू होतो. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. अशी गाडी पंधरा-वीस किलोमीटर नीट चालते, मग मरगळते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. ड्रायव्हर पंपाला शिव्या देतो आणि दोष असतो झाकणात. पुढे डिझेल फिल्टरचा तळाचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत अर्धा पेला डिझेल काढायचं आणि अर्धा तास ठेवायचं. पाणी जड, ते खाली बसतं. ड्रममधलं डिझेल भरणाऱ्या गाड्यांत ते हमखास सापडतं. इथे बाटलीच्या तळाला दोन-चार थेंब होते. फिल्टर बदलला, पण एवढ्याशा पाण्याने घाटात गाडी थांबत नाही.

[दृश्य : पारदर्शक नळी, अगदी जवळून.]

आता हे नीट पाहा. टाकीकडून येणारा रबरी पाईप फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाशी सोडवून मिस्त्रीने मधे वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन सुरू. सुरुवातीला पिवळसर डिझेल, भरीव, एकसंध. रेस वाढवली तसे मोहरीएवढे बुडबुडे आले, आणि पाय आणखी दाबला तशी त्यांची माळच लागली. गॅरेजच्या भाषेत, गाडी एअर घेते.

डिझेल मात्र कुठेच गळत नव्हतं. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा. आत दाब कमी, बाहेर जास्त. त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ओलसर डाग शोधत बसलं तर जन्मात सापडायचं नाही. टाकी रिकामी होते तसं डिझेल जास्त उंच ओढावं लागतं, ओढ वाढते आणि हवाही वाढते. अर्ध्याखाली टाकी आली की गाडी का बिघडते, ते यावरून कळतं. हवा मुख्य पंपात गेली की त्यातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडायला साधारण २०० बारचा दाब लागतो. हवा आकसते, दाब तिथवर पोचत नाही, आणि डिझेल कमी किंवा उशिरा पडतं.

दोष आधी कोणत्या बाजूला आहे ते पक्कं करायचं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन तो सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधायचा. फीड पंपाची ओढीची आणि उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न, दोन्ही नळ्या त्यात सोडायच्या. रिटर्न विसरलात तर डिझेल जमिनीवर सांडेल. एवढं करून एअर काढली (रीत पुढे आहे) आणि इंजिनने भरभरून रेस घेतली. बुडबुडे गेले. म्हणजे फीड पंप बरा, दोष टाकीकडच्या पाईपात. चेसिसच्या क्लिपखाली रबराला वरून न दिसणारी चीर होती, वाकवल्यावर उघडणारी. क्लिपपुरता तुकडा बदलून भागत नाही. टाकीपासूनचा पूर्ण रबरी पाईप आणि सगळ्या क्लिपा नव्या घातल्या.

[दृश्य : हातपंप मारणारा हात.]

एअर काढायची रीत ठरलेली. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करायचा, बुडबुड्याविना डिझेल येईतो हातपंप मारायचा, स्क्रू घट्ट. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलकडचे पाईपचे नट सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारायचा, डिझेल उसळलं की आवळायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको, जळतो.

ताकद परत आली. थरथर मात्र तशीच.

इथे बरेचजण 'गाडी जुनी आहे, एवढं चालायचंच' म्हणून सोडून देतात. चालायचं नाही. चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आयडल होत असेल, तर सेकंदाला २५ स्फोट होतात. एक सिलेंडर ढिला पडला, की दर सेकंदाला सहा वेळा ताल चुकतो. केबिन हलते ती त्यानेच.

कोणता सिलेंडर, ते शोधायला १७ किंवा १९ नंबरचा पाना पुरतो. इंजिन आयडलला ठेवून, फडकं गुंडाळून, चष्मा लावून, एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करायचा. चालू सिलेंडर बंद पडला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तो आळशी. ही युक्ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनवर करायची. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीत पाईपमधला दाब १००० बारच्या वर जातो, त्याची धार कातडी फोडून आत शिरते. तिथे पान्याला हातसुद्धा लावायचा नाही.

१, २, ४ नंबरला इंजिन अडखळलं. ३ नंबरला जेमतेम फरक.

लगेच नवीन नोझल आणायचं नाही. ३ चं नोझल २ ला लावलं, २ चं ३ ला. नोझल खराब असेल तर आजार २ नंबरला जायला हवा. गेला नाही, ३ लाच राहिला. नोझल निर्दोष. मग व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचं अंतर फीलर गेजच्या पातळ पट्टीने पाहिलं, ठीक. नोझलच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावला : चारही सिलेंडर २६ ते २८ बारच्या आत. रिंगा आणि व्हॉल्व्ह दोन्ही शाबूत. शेजारच्या दोन सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं असतं, तर मधलं हेड पॅकिंग गेलेलं असतं.

[दृश्य : नोझलच्या भोकात बॅटरी आणि छोटा आरसा.]

कार्बनने काळी पडलेली एक चकती बुडाशी चिकटलेली होती. जुनं कॉपर वॉशर. मागे कधीतरी नोझल काढलं तेव्हा ते आतच राहिलं आणि त्यावर नवीन वॉशर बसलं. नोझलचं टोक दीड-दोन मिलिमीटर वर उचललं गेलं. फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी काठावर पडू लागला, डिझेल अर्धंमुर्धं जळू लागलं. सकाळचा पांढरा धूर त्याचाच.

टोक वाकवलेल्या तारेला ग्रीस लावून वॉशर ओढून काढलं, ग्रीसला कार्बनचे कण चिकटून आले. बुड साफ करून नोझल लावण्याआधी सगळ्यांना बाजूला करून दोन सेकंद सेल्फ मारला, म्हणजे उरलेला कचरा बाहेर उडतो. मग चारही नोझलना एकेक नवं कॉपर वॉशर. एकच, आणि मोजून.

[दृश्य : तोच घाट, तोच माल. केबिनमधून, तिसरा गिअर.]

टाकी मुद्दाम पाव भरलेली आहे. चढावर तिसरा गिअर बदलावा लागत नाही, आरशातलं मागचं दृश्य हलत नाही. वर पोचल्यावर बॉनेट उघडून मिस्त्री पारदर्शक नळीकडे पाहतो. डिझेल भरीव आहे. नळी काढून पक्का पाईप बसतो, आणि परतीच्या वाटेवर थंड झालेल्या इंजिनवर नोझलचे नट पुन्हा एकदा तपासले जातात. दोन नटांना थोडं आवळावं लागतं.