रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

[दृश्य: टॅली शीट. पाच-पाचच्या गटांत ओढलेल्या रेघा.]

बाळाला डोस दिला की टॅली शीटवर एक रेघ. सत्र संपलं की रेघा मोजायच्या, महिनाअखेरीस बेरीज मासिक अहवालात भरायची आणि अहवाल वर पाठवायचा. विकसनशील देशांत आरोग्याची बरीचशी माहिती अशीच तयार होते. पण ज्या परिचारिकेने ती लिहिली, तिच्याकडे ती क्वचितच परत येते. खरं तर पहिला निर्णय याच टेबलावर घेता येतो.

समजा, एका केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला १८० बाळं अपेक्षित आहेत. म्हणजे सहा महिन्यांत ९०. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा पहिला डोस ८४ बाळांना मिळाला, तिसरा ६० बाळांना. मधली २४ गळली. २४ भागिले ८४, गुणिले १००: गळती साधारण २९ टक्के. ती १० टक्क्यांच्या वर गेली की कारण शोधायला लागायचं. पहिल्या आणि तिसऱ्या डोसात किमान आठ आठवड्यांचं अंतर असतं, म्हणून एकाच महिन्याचे आकडे घेऊन हे गणित करू नये. वर्षारंभापासूनची चढती बेरीज घ्यावी. आणि तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसला, तर आधी नोंदी तपासाव्यात.

आता हे आकडे नीट वाचू. ९० पैकी ८४ बाळं एकदा तरी केंद्रावर आली आहेत. आयांना केंद्र माहीत आहे. त्यामुळे जनजागृतीवर पैसे घालण्याआधी रजिस्टर उघडायला हवं. कोणती सत्रं रद्द झाली? लस किती दिवस संपलेली होती? कार्डावर पुढची तारीख लिहिली होती का?

गोवराच्या लशीची अडचण वेगळी. दहा डोसांची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. दोनच बाळं आली, तर आठ डोस वाया जाणार. म्हणून परिचारिका म्हणते, ‘पुढच्या वेळी या.’ त्यातली सगळी येत नाहीत. हे वाया जाणारे डोस मागणीपत्रातच धरले, तर दोन बाळांसाठीही कुपी निर्धास्त उघडता येते.

[दृश्य: हिवतापाच्या रुग्णांचा आलेख. रेघ एकदम खाली येते.]

एका महिन्यात हिवताप ४० टक्क्यांनी घटलेला दिसतो. आनंद मानण्याआधी विचारा: अहवाल किती केंद्रांचे आले? दहापैकी सहाचेच आले असतील, तर घट आजारात नाही, टपालात आहे. तपासणी किट संपले असले, तरी आलेख असाच पडतो. तपासणीच नाही, तर निदान झालेला रुग्ण येणार कुठून? म्हणून ‘एकही रुग्ण नाही’ असेल तर शून्य लिहायचं. रकाना रिकामा सोडला, तर त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

लसीकरण १३० टक्के दिसलं, तर बहुधा छेद चुकलेला असतो: जुन्या जनगणनेवरचा अंदाज, किंवा शेजारच्या क्षेत्रातून येणारी बाळं. अंशाची खात्री मात्र केंद्रावरच होते. रजिस्टरातल्या नोंदी पुन्हा मोजा, अहवालातल्या आकड्याने भागा. उत्तर ०.९ ते १.१ च्या बाहेर गेलं, तर त्या केंद्राच्या आकड्यांवर निर्णय घेण्याआधी बेरीज कुठे बिघडते ते शोधा.

[दृश्य: नकाशा. टांझानिया.]

आकडे वाचून निर्णय घेतले, तर जिल्हा पातळीवर किती फरक पडू शकतो, ते १९९० च्या दशकात टांझानियातल्या मोरोगोरो आणि रुफिजी जिल्ह्यांत दिसलं. कार्यकर्ते घरोघर जाऊन मृत्यूंची नोंद करत आणि लक्षणं विचारून कारण ठरवत, कारण बरेच मृत्यू रुग्णालयाबाहेर होत होते. या नोंदी अंदाजपत्रकाशेजारी ठेवल्यावर विसंगती उघड झाली. मोरोगोरोत अकाली मृत्यूंमुळे गमावलेल्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के हिवतापामुळे होती. १९९६ च्या आरोग्य खर्चात त्याचा वाटा होता सुमारे ५ टक्के. जिल्ह्यांनी पैसा वळवला: बालआजारांवरच्या एकत्रित उपचारांकडे आणि कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांकडे. जादा निधी माणशी एका डॉलरहूनही कमी लागला. पुढच्या काही वर्षांत बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय आकड्यांना देता येणार नाही. पण पैसा कुठे कमी पडतोय, हे दिसलं ते त्यांच्यामुळेच.

आज ओस्लो विद्यापीठातून विकसित होणारी डीएचआयएस-२ ही आरोग्याची माहिती साठवणारी मोफत संगणक प्रणाली ७० हून अधिक देशांत वापरली जाते. आलेख ती क्षणात काढते. त्यावर बोलायला मात्र मासिक बैठकच लागते, आणि तिथे अहवाल नुसते वाचून दाखवण्यात वेळ जाता कामा नये. एकाच आलेखावर थांबा आणि इतिवृत्तात तीन गोष्टी लिहा: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढची बैठक त्याच ओळींपासून सुरू करा.