मनीचं पाणी वाढलं तेव्हा

(दृश्य: भुसावळ. मे महिन्यातली दुपार. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा, कूलरचा आवाज.)

मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे सरकला की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा दिवसांत घरातलं मांजर जरा जास्त पाणी प्यायलं तर कोण लक्ष देणार? ऊन आहे, तहान लागणारच. या घरातही सगळ्यांना तसंच वाटलं. आक्कांना तेवढं पटलं नाही. "उन्हाळा तर दरसाल ऱ्हास. मनी आते भलतं पानी पी ऱ्हायनी, आनि हातले हाडं लागतस."

मनी १३ वर्षांची. मांजराच्या हिशेबात म्हातारीच. आणि आक्कांचा संशय खरा निघाला: मनीची मूत्रपिंडं थकली होती.

पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. उंदीर, पाखरं मारायची, त्यांच्या अंगातल्या ओलाव्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी राखायचं. हे राखण्याचं काम मूत्रपिंडाचं. ते जमेनासं झालं की लघवी पातळ होते, भरपूर होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर वाटीपाशी बसून राहतं. फार पितं म्हणून फार मुततं, असं आपल्याला वाटतं. असतं उलट. मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, म्हणजे क्रिएटिनीन, रक्तात वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश काम थांबलेलं असतं. हा आजार बरा होत नाही. सांभाळता येतो, कधी काही महिने, कधी कित्येक वर्षं.

(दृश्य: गल्ली, संध्याकाळ. ओट्यावर बसलेल्या बायका.)

मनीला किडनीचा त्रास आहे हे गल्लीत कळलं आणि उपाय घरपोच यायला लागले. गोखरूचा काढा द्या. पुनर्नवा उकळून पाजा. तुळशीचा रस, हळदीचं दूध. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी असल्याचं सांगितलं, तर एकाने केळी सुचवली. जळगाव जिल्ह्यात राहून पोटॅशियमची काय चिंता!

यातलं काहीही वाईट हेतूने सांगितलेलं नव्हतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची, बैलांची, शेळ्यांची रांग. मांजराला घेऊन नाशिक-पुणं गाठणं किती जणांना परवडणार? शिवाय सातपुड्याच्या पायथ्याला झाडपाल्याची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. माणसांना, गुरांना तिचा गुण आलेला लोकांनी पाहिलाय. घोडं अडतं ते मांजराच्या यकृतापाशी.

वनस्पतींतली आणि औषधांतली बरीच द्रव्यं बाहेर टाकताना आपलं यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं. त्यासाठी लागणारं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम) मांजराकडे नाही, कारण ते बनवणारं जनुकच निकामी आहे. जन्मभर मांस खाणाऱ्या या प्राण्याला पाल्यातली विषं पचवायची वेळ फारशी आलीच नसावी. परिणाम असा की पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ॲस्पिरिनचं प्रमाण आपल्या रक्तात काही तासांत निम्म्यावर येतं, मांजराला त्याला दीड दिवसाहून जास्त लागतो. तुळस-लवंगेतलं युजेनॉल, कापूर, निलगिरीचं तेल, सांधेदुखीचं मलम, सगळ्यांची गत तीच. नुसतं अंगाला लावलं तरी सुटका नाही. मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं पोटातच जातं.

गोखरू चरलेल्या मेंढ्यांचं यकृत बिघडतं आणि त्यांची कातडी उन्हाने सोलवटते, हे दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ चांगलंच ओळखून आहेत. रेवंदचिनीच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या अर्काची मूत्रपिंडाच्या रुग्ण मांजरांवर रीतसर चाचणी झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. क्रिएटिनीनमध्ये फरक दिसला नाही. पारा किंवा शिसं असलेली भस्मं तर आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर आणखी ओझं टाकतात. हळदीच्या दुधात हळदीपेक्षा दुधाची भीती जास्त: मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि राखायचं तेच पाणी जातं. केळ्याचं म्हणाल, तर मांजराला गोड चव कळतच नाही. मनीने ते हुंगून सोडून दिलं. पोटॅशियम डॉक्टर देतात ते मोजून.

आणि जिथे कोणी औषध म्हणून पाहतही नाही, ते आपलं रोजचं जेवण. वांग्याच्या भरतातली कांद्याची पात, काळ्या मसाल्याच्या रश्शातला लसूण. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. किडनीच्या मांजराचं रक्त अनेकदा मुळातच कमी असतं, त्यात रश्शात कुस्करलेली भाकरी म्हणजे संकटच.

(दृश्य: स्वयंपाकघर. शेगडीवर छोटं पातेलं, त्यात कोंबडीचं मांस शिजतंय.)

मनीला लागू पडलेले उपाय दिसायला फार साधे आहेत. मातीच्या पसरट परळात पाणी, घरात तीन ठिकाणी, जेवणाच्या वाटीपासून लांब. कोंबडी शिजवताना मीठ नाही, मसाला नाही, आणि शिजल्यावरचं कोमट पाणी जेवणात कालवायचं. कोरड्या खाद्यात पाणी असतं १० टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाद्यात ७५ ते ८०. जेवणातून पाणी मिळवण्याचा मांजराचा जुना धर्म इथे कामाला येतो.

सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र कमी फॉस्फरसचं, किडनीच्या मांजरांसाठी बनवलेलं खाद्य. त्याने आयुष्य वाढतं हे अभ्यासांत दिसलंय. अडचण दोन: ते महाग आहे, आणि मांजरं त्याच्याकडे पाठ फिरवतात. आक्का ते शिजवलेल्या कोंबडीत चमचा-चमचा वाढवत गेल्या. सोबत, रक्त तपासून आणि डॉक्टरांनी माप ठरवून दिल्यावर, अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जेवणात मिसळलं तर ते अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरून ठेवतं. उपाशीपोटी दिलं तर ते काम होत नाही, आणि जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. एवढ्याशा चिमटीला रक्ततपासणीचा पहारा लागतो तो म्हणून.

भूक हा वेगळाच लढा. किडनीच्या मांजराला मळमळतं, आणि मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. वाटी गरम पाण्यात ठेवून जेवण अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो, मनी चार घास जास्त खाते. त्यालाही जुमानली नाही तर भूक वाढवणारं औषध. दोन-तीन दिवस पूर्ण उपास घडला, तर मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, आणि मग प्राणावर बेततं. लंघन हे परम औषध म्हणतात, पण मांजरासाठी नाही.

शौचाला खडा होतो त्यावर चिमूटभर इसबगोल, ओल्या जेवणात भिजवून, किंवा उकडलेल्या लाल भोपळ्याचा गर. जवस मात्र इथे उपयोगाचं नाही, खान्देशात त्याच्या चटणीवर कितीही प्रेम असलं तरी. जवसातल्या तेलापासून आपल्याला हवी ती ओमेगा-३ मेदाम्लं मांजराचं शरीर जवळजवळ बनवतच नाही. ती हवी तर माशाच्या तेलातून, डॉक्टर सांगतील तेवढीच.

(दृश्य: खुंटीला टांगलेली सलाईनची बाटली. मनी मांडीवर.)

एक दिवसाआड आक्कांचा नातू मनीच्या मानेमागच्या सैल कातडीखाली सुई सारतो. रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार. पाच-सात मिनिटांचं काम, मनी गुरगुरते, मग उंटासारखा फुगवटा घेऊन फिरते, आणि काही तासांत तो जिरतो. याला नैसर्गिक म्हणायचं की नाही, यावर गल्लीत वाद आहे. आमच्या मते म्हणायला हरकत नाही. क्षार-पाणीच आहे ते, आणि मुलखाने वाळवंटी असलेल्या जनावराला दुसरं काय हवं असतं?

रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीत. ती चुकत गेली आणि रक्तदाब चढला, तर मांजर एका रात्रीत आंधळंही होऊ शकतं. शेजारच्या वाड्यातल्या मधुमेही बोक्याचंही तसंच. कारल्याच्या रसाने त्याचं इन्शुलिन सुटलेलं नाही, भात-पोळी बंद करून मांसावर आणल्यावर त्याची मात्रा मात्र उतरली, तीही डॉक्टरांनी साखर तपासत तपासत उतरवली.

एक गंमत राहिली. पावसाळ्यात बांधावर खोकली नावाचं तण उगवतं. त्याचं मूळ उपटलं की मांजरं त्यावर अंग घासतात, लोळतात, लाळ गाळतात. गेल्या पावसाळ्यात नातवाने एक मूळ आणलं, आणि महिनाभर कोपरा न सोडलेली मनी त्याच्याभोवती उड्या मारायला लागली. खोकली औषध नाही. खाऊ देऊ नये, हुंगून झालं की उचलून ठेवावं. पण आजारी मांजराला खेळायची इच्छा होणं, हेही डॉक्टर लिहून घेतात.

तशी नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आहे. दर रविवारी मनीला कापडी पिशवीत बसवून पिशवी तराजूला टांगतात, आणि वजन त्या चौकोनात लिहितात. सलग दोन रविवार घसरलं तर फोन करायचा असं ठरलंय. एप्रिलमध्ये करावा लागला. डॉक्टरांनी सलाईन एक दिवसाआड केलं.