भैरवीनंतरचं गाणं

नमस्कार मंडळी. गाणं आत्ताच ऐकलंत. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारलं, ‘शब्द कधी सुरू होणार?’ शब्द सुरू होतच नाहीत. सव्वातीन मिनिटं एक माणूस नुसता गुणगुणतो, कण्हतो, आणि गिटार वाजवतो.

३ डिसेंबर १९२७, टेक्ससमधलं डॅलस. कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीची माणसं ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन तिथे आली होती. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या तबकड्या काढायचा तो काळ. ब्लाइंड विली जॉन्सननं त्या दिवशी सहा गाणी दिली, त्यातलं हे एक: ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’, म्हणजे ‘रात्र काळोखी होती, जमीन गार होती’. लहानपणी बापाशी झालेल्या भांडणात सावत्र आईनं क्षाराचं जळजळीत पाणी फेकलं आणि ते याच्या डोळ्यांत गेलं, असं त्याची बायको पुढे सांगायची. रस्त्याच्या कडेला उभं राहून गाणं हा त्याचा पोटाचा धंदा.

आपण याला ब्लूज म्हणतो, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ऐहिक सुखदुःखाचं गाणं. त्याला ते आवडलं असतं असं मला वाटत नाही. १९३० पर्यंत त्याची तीस गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि तीसच्या तीस देवाची. पण ती बोटं, ती तार ब्लूजचीच आहे. तार पडद्यावर दाबायची नाही, तिच्यावरून काहीतरी गुळगुळीत सरकवत न्यायचं. कुणी म्हणतं तो चाकू वापरायचा, कुणी म्हणतं बाटलीची मान. काहीही असो, आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते. पुन्हा ऐकाल तेव्हा एवढंच पाहा: आवाज सूर अर्धा सोडतो आणि तो पुरा करते गिटार. कुठे कुठे कोण थांबलं आणि कोणी उचललं, कळतच नाही.

आता शब्दांकडे येऊ. शीर्षक आलंय एका इंग्रजी स्तोत्रातून. टॉमस हॉविस या धर्मोपदेशकाचं, १७९२ सालचं. गेथशेमनेची बाग, पकडलं जाण्याआधीची रात्र, गार जमिनीवर पडून येशू प्रार्थना करतोय, घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतोय. हे स्तोत्र कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका खास रीतीनं गायचे. एक जण ओळ भरभर म्हणून दाखवणार, मग सगळी मंडळी तीच ओळ संथपणे, लांबवत, ज्याच्या त्याच्या वळणानं गाणार. गुलामगिरीत अनेक राज्यांमध्ये त्यांना वाचायला शिकवणंच गुन्हा होता. पुस्तक कुठलं आणि काय? ओळी पाठ असायच्या. ओळ लांबत लांबत गेली की अक्षरं विरघळतात, मागे हुंकार उरतो. जॉन्सननं नेमका तो हुंकार उचलला.

म्हणून ‘या गाण्यात शब्दच नाहीत, त्यामुळे ते साऱ्या जगाचं’ असं कुणी म्हणालं की मी अडतो. शब्द आहेत. ते ऐकणाऱ्याच्या तोंडात आहेत. १९२८ मध्ये ज्यांनी ही तबकडी विकत घेतली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिल्या हुंकारालाच ओळ आठवली असणार.

पुढचं भराभर सांगतो. पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकानं १९६४ मध्ये आपल्या येशूवरच्या चित्रपटात ते वापरलं. राय कूडर या अमेरिकन गिटारवादकानं १९७० मध्ये स्वतः वाजवलं, आणि ‘पॅरिस, टेक्सस’ या चित्रपटाचं संगीत करताना पुन्हा त्याच सुरावटीकडे गेला. जॉन्सनला यातलं काही कळलं नाही. १९४५ मध्ये बोमाँट गावात त्याचं घर जळालं. नवरा-बायको त्याच जळक्या घरात, ओल्या अंथरुणावर झोपले. तो आजारी पडला आणि १८ सप्टेंबरला गेला. गाण्याचं नाव पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर या अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यात संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. केसरबाई केरकर त्यात आहेत, हेही आपण मराठी माणसं अभिमानानं सांगतो. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या. ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला, आणि अकराव्या दिवशी, १६ तारखेला, बाई मुंबईत वारल्या.

पण त्या तबकडीवरचा क्रम सहसा कुणी पाहत नाही. केसरबाई, त्यांच्या पाठोपाठ जॉन्सन, मग बेथोवेन. केसरबाईंची चीज भैरवीतली आहे. आपल्याकडे भैरवी झाली की तंबोऱ्याला गवसणी घालतात, लोक चपला शोधायला लागतात. तिथे भैरवी संपते आणि टेक्ससच्या रस्त्यावरचा हा आंधळा माणूस गिटार पुढे ओढतो.

दोन्ही तुकडे त्याच क्रमानं लावतो. मध्ये टाळ्या नकोत.