पोलिसांचे बळ आणि पहिल्या दिवसाची बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात कुठे लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली किंवा गोळी चालली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बातमी आपल्या हातात असते. ती वाचून होईपर्यंत चूक कोणाची याचा निवाडा बहुतेकांनी मनातल्या मनात करून टाकलेला असतो. त्या पहिल्या बातमीतली माहिती येते कोठून, ती आहे तशी का छापली जाते आणि पुढे चौकशीत जे निष्पन्न होते ते आपल्यापर्यंत का पोहोचत नाही, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. बळाचा वापर करण्याचा अधिकार पोलिसांना कायद्यानेच दिला आहे आणि त्याच कायद्याने त्याला मर्यादाही घातल्या आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. तो अधिकारी हजर नसेल, तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला तो देता येतो. आदेश देऊनही जमाव हटला नाही, किंवा आपण हटणार नाही असे त्याने वागण्यातून दाखवले, तर त्याला बळाने पांगवता येते. अटकेच्या बाबतीत कलम 43 सांगते की ज्याच्यावरील आरोप मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा नाही, अशा माणसाचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. अटक झालेल्याला तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच जखडावे, असे कलम 46 म्हणते. म्हणजे लाठीमाराच्या कोणत्याही बातमीने काही साध्या प्रश्नांची उत्तरे द्यायलाच हवीत. आदेश कोणी दिला? आधी इशारा दिला होता का? जमाव पळू लागल्यावर काठी थांबली का? जखमींना दवाखान्यात कोणी आणि किती वेळाने नेले? आपल्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातली अशी एखादी बातमी या प्रश्नांसाठी पुन्हा वाचून पाहा. बहुतेक वेळा जखमींचा आणि गुन्हा दाखल झालेल्यांचा आकडा सापडतो, पण आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेखही सापडत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी तालुक्याच्या वार्ताहराचा दिवस पाहावा लागतो. त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे असते. घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर किंवा शेतीवर, दुकानावर. रोज सकाळी तो पोलीस ठाण्यात जातो, ठाणे अंमलदाराकडून रात्रीचे गुन्हे विचारतो, चोरी, अपघात, हाणामारी, जुगाराचा छापा असे लिहून घेतो आणि त्यातूनच त्याचे निम्मे पान भरते. आता ठाण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यावर प्रेसनोट येते. ज्या वार्ताहराने लाठीमारावर अडचणीचे प्रश्न विचारले, त्याला ग्रुपमधून काढून टाकण्याचीही गरज पडत नाही. त्याचा फोन उचलला जात नाही, बाकीच्यांना रात्री आठला मिळालेली माहिती त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळते, आणि प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रात आलेली बातमी आपल्याकडे का नाही, म्हणून जिल्हा कार्यालय त्याचीच झाडाझडती घेते. अशा माणसाने रात्री नऊच्या आत मजकूर पाठवताना प्रेसनोट जशीच्या तशी उतरवली, तर त्याला एकट्याला दोष देणे मला पटत नाही. पक्षपात म्हटला की आपल्यासमोर विकला गेलेला पत्रकार किंवा आरडाओरडा करणारा निवेदक उभा राहतो. आपल्या जिल्ह्यांत मात्र बहुतेक पक्षपात या रोजच्या परावलंबनातून, कोणाच्याही मनात कपट नसताना घडतो, आणि म्हणूनच तो सहजासहजी लक्षात येत नाही.

दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो. बंदोबस्तावरच्या हवालदाराची अवस्था मी पाहिली आहे. गणेशोत्सवाच्या विसर्जनाला किंवा निवडणुकीच्या काळात हा माणूस बारा-चौदा तास उभा असतो, जेवणाचा डबा वेळेवर येत नाही, समोरून दगड आला तर डोक्यावरचे हेल्मेट धड असेलच याची खात्री नसते. त्याचे फुटलेले डोके बातमीत ‘पाच पोलीस किरकोळ जखमी’ एवढ्यावर आटोपते. गर्दीतल्या कोणीतरी मोबाइलवर घेतलेली वीस सेकंदांची चित्रफीत जेव्हा काठी उगारल्या क्षणापासून सुरू होते, तेव्हा त्याआधीची दहा मिनिटे पाहणाऱ्याला कळत नाहीत. तीच चित्रफीत दगडफेकीपासून सुरू होऊन काठी उगारण्याआधी संपली, तर अन्याय दुसऱ्या बाजूवर होतो. वाहिन्यांवर ही वीस सेकंदे दिवसभर फिरतात आणि ती कोणी, कोठून, केव्हा चित्रित केली हे एकदाही सांगितले जात नाही.

मोबाइलच्या चित्रणामुळेच सत्य बाहेर आल्याचे उदाहरणही आपल्याच भागात आहे. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात मच्छीबाजार परिसरात खाणावळीच्या बिलावरून भांडण झाले, त्याचे दंगलीत रूपांतर झाले, दगडफेक व जाळपोळ झाली, पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुणांचा बळी गेला. सुरुवातीच्या दिवसांत आपण वाचले ते दंगलखोर, संचारबंदी आणि नियंत्रणात आलेली परिस्थिती यांविषयी. त्यानंतर रहिवाशांनी घेतलेली चित्रणे पुढे आली आणि त्यांत गणवेशातले काही पोलीस दुकाने व वाहने फोडताना, सामान उचलून नेताना दिसले. काही पोलिसांना अटक झाली, सरकारला न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. गोळीबाराची आवश्यकता होती की नव्हती, ही त्या चौकशीची बाब होती आणि तिच्यावर मी येथे निकाल देणार नाही. पण ही चित्रणे नसती, तर पहिल्या दिवसाची प्रेसनोट हाच धुळ्याचा इतिहास ठरला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. सप्टेंबर 1942 मध्ये नंदुरबारला इंग्रजी राजवटीच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांची नावे खान्देशातल्या शाळांतून शिकवली जातात. दोन्ही घटनांची जात वेगळी आहे, त्यांची बरोबरी मी करत नाही. तरी धुळ्यात गेलेल्या सहा जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल, हे स्वतःला विचारावे असे मला वाटते. बातमीने त्यांना संख्येपलीकडे फारसे काही राहू दिले नाही.

कोण जखमी झाला, यावर बातमीचे आयुष्य ठरते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. ती दृश्ये राज्यभर दिसली, प्रश्न विचारले गेले, आणि काही दिवसांतच तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री यांनी जाहीर माफी मागितली. प्रसारमाध्यमांनी आणि समाजाने पाठपुरावा केला की सरकार उत्तर देते, हे त्यातून दिसले आणि तसे व्हायलाच हवे होते. आता सातपुड्याकडे पाहू. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात वनजमिनीवरून वनखाते, पोलीस आणि आदिवासी यांच्यात खटके उडतात. बातमीत आदिवासी हा सरसकट ‘अतिक्रमणधारक’ असतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4, पोटकलम 5 प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही. ज्याचा दावा अद्याप निकाली निघालेला नाही, त्याला अतिक्रमणधारक ठरवून वार्ताहराने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. तो दावेदारच आहे, असे परस्पर ठरवणेही योग्य नाही. दाव्याची स्थिती काय आहे, हे ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे आणि उपविभागीय कार्यालयात विचारून लिहिणे एवढेच अपेक्षित आहे. एका फोनचे काम आहे ते.

भाषेचाही अडथळा आहे. मारहाण झालेली बाई पावरी किंवा भिली बोलते, तिचा जबाब ठाण्यात सरकारी मराठीत उतरवला जातो, आणि वार्ताहर तोच जबाब वाचून बातमी करतो. तिच्या तोंडून निघालेले आणि कागदावर उतरलेले यांत किती अंतर पडले, हे तपासणारा मध्ये कोणीच नसतो. पारधी आणि इतर भटक्या समाजांच्या बाबतीत तर अटकेच्या बातमीत जातीचे नाव मथळ्यातच येते. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या विमुक्त झाल्या, तरी त्या मथळ्यांत तो कायदा अजून जिवंत आहे.

चकमकींच्या बातम्यांत वाचकांचा आणि प्रेक्षकांचा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. 6 डिसेंबर 2019 रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली आणि वाहिन्यांनी ती फुले दिवसभर दाखवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आरोपींना मारण्याच्या हेतूनेच गोळीबार करण्यात आला, असा निष्कर्ष त्या आयोगाने 2022 मध्ये काढला आणि दहा पोलिसांवर खटला चालवण्याची शिफारस केली. फुले पाहिलेल्या किती प्रेक्षकांनी हा अहवाल ऐकला? बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हाही आनंदाचे फलक लागले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरल्याचे मुंबई उच्च न्यायालयात पुढे आले. त्या लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचा राग मलाही आहे. पण खटला न चालवता आरोपी संपला, तर अत्याचाराला साहाय्य कोणी केले, तक्रार दाबली कोणी, हे न्यायालयात उलगडण्याचा एक मार्गही त्याच्याबरोबर बंद होतो, आणि हे नुकसान त्या मुलींचेच आहे. चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सोळा निर्देश दिले आहेत. त्यांत स्वतंत्र तपासाबरोबरच, शौर्य संशयातीत सिद्ध झाल्याशिवाय संबंधित अधिकाऱ्यांना शौर्यपदक देऊ नये, असेही म्हटले आहे. हे निर्देश पाळले गेले का, एवढे विचारणारा वार्ताहरही चकमकीच्या बातमीत क्वचित दिसतो.

बातमी नीट केली तर काय घडू शकते, याचा दाखला द्यायचा तर डी. के. बसू प्रकरणाइतका मोठा दाखला मला दुसरा माहीत नाही. 1986 साली कोलकात्यातील वर्तमानपत्रांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. विधी साहाय्याचे काम करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष असलेल्या बसू यांनी त्या कात्रणांसह सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले, आणि डिसेंबर 1996 मध्ये निकाल देताना अटकेसाठी अकरा बंधने घालून दिली. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही असावी, नातलगाला कळवावे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे सगळे तेव्हापासूनचे आहे. एखाद्या वार्ताहराने कोठडीतला मृत्यू चार ओळींत न गुंडाळता लिहिला, म्हणून आज जळगावच्या ठाण्यात नेलेल्या मुलाच्या बापाला फोन येतो.

म्हणून श्रोत्यांपाशी आणि आपल्या जिल्ह्यांतल्या संपादकांपाशी काही मागणे आहे. लाठीमाराची किंवा गोळीबाराची बातमी छापताना ती पोलिसांच्या माहितीवरून दिली असेल, तर तसे पहिल्याच वाक्यात लिहा. चौकशी नेमली गेली, तर तिची मुदत संपेल त्या दिवसाची नोंद कार्यालयाच्या डायरीत करा आणि त्या दिवशी वार्ताहराला पाठवा. अहवाल आला नसेल, तर आला नाही हीच बातमी. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असावेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले आहे. कोठडीतल्या मारहाणीची तक्रार आली, की त्या चित्रणाविषयी विचारा. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्यात आहे आणि ती वार्ताहराइतकीच नातलगालाही उपयोगी पडते.

ज्याला पोलिसांकडून अन्याय झाल्याचे वाटते, त्याच्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची आणि विभागीय प्राधिकरणांची तरतूद आहे. बातमीने अन्याय केला असे वाटत असेल, तर आधी संपादकाला लेखी कळवावे, पत्राची प्रत ठेवावी, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जावे. दैनिकाविषयीची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत पोहोचावी लागते, त्यामुळे कात्रण त्याच दिवशी तारखेसह कापून ठेवावे.

नमस्कार.